वाळूवर मांडलेला मारुती

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं की नोकरीतला एखादा गमतीदार अनुभव लिहा, वाचकांना सणासुदीला जड काही नको असतं. मी म्हटलं, माझ्याकडे एक आहे, पण तो अर्ध्यापर्यंतच गमतीदार आहे. ते हसले आणि म्हणाले, मग अर्ध्यापर्यंतच लिहा. तसं करणं मला जमणार नाही. यंदा फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आम्ही रामाकोन्याच्या पट्ट्यात नदीकाठी बसलो आणि काळ्या पोटाचा एकही सुरय पक्षी दिसला नाही. त्यात माझा वाटा किती, हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं.

मी नदीचं पाणी मोजणारा माणूस. पुलाच्या खांबावर रंगवलेली एक उभी पट्टी असते, तिला गेज म्हणतात. रोज सकाळी आठ वाजता पाणी त्या पट्टीवर कुठल्या आकड्याला टेकलं आहे ते पाहायचं, वहीत लिहायचं आणि वर कळवायचं. पावसाळ्यात दर तासाला. एवढंच काम, पण माणसाला ते नाव चिकटलं. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरला माझ्या घरचा पत्ता विचारा, कोणी सांगणार नाही. गेजबाबूचं घर विचारा, चहावाला दारापर्यंत आणून सोडेल. या कामात एक पाप सर्रास चालतं, घरी बसून अंदाजाने आकडा लिहिण्याचं. उन्हाळ्यात पाणी आठ-आठ दिवस हलत नाही, कोण जातं पुलावर? मी गेलो. अंगात ताप असताना गेलो, मुलीच्या लग्नाच्या दिवशीही हळदीच्या अंगाने गेलो. न पाहता लिहिलेला एकही आकडा माझ्या वह्यांत सापडणार नाही. हा माझा गर्व आहे आणि पुढचं वाचताना तो लक्षात ठेवावा.

निवृत्त झाल्यावरही सकाळी आठला पाय नदीकडेच वळायचे. बायको म्हणायची, पगार बंद झाला तरी हजेरी चालूच आहे. तिथंच मला कुंभारे मॅडम भेटल्या. पांढुर्ण्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवतात, सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून स्कूटीवर येतात. समुद्रकाठी कासवांची आणि किनारी पाखरांची राखण करणारे गावोगावचे स्वयंसेवक असतात, त्यांच्या एका जाळ्यात त्या सामील होत्या. नदीकाठचं कोणीतरी त्यांना हवं होतं. रोज न चुकता येऊन मोजणारा माणूस मिळतो का, असं त्यांनी विचारलं, आणि मी तर तेच करत आयुष्य काढलेलं.

त्या जाळ्याची मोबाइलवर बैठक झाली तेव्हा एकाने मला विचारलं, काका, तुमचा किनारा कुठला? मी म्हटलं, रामाकोना. त्यांना तो नकाशावर सापडेना. मग मीच सांगितलं की आमचं पाणी कन्हानातून वैनगंगेत जातं, पुढे गोदावरीतून समुद्राला मिळतं; तुम्ही खालच्या टोकाला बसलात, आम्ही वरच्या. सगळे हसले, पण माझं नाव यादीत चढलं.

आता हे काम काय असतं ते सांगतो. सुरय हा मुळात समुद्रपाखरांच्या कुळातला पक्षी. लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपूट, पाण्यावर तरंगत येतो आणि सूर मारून मासा उचलतो. आमच्याकडे दोन जातीचे. पिवळ्या चोचीचा नदी सुरय जरा मोठा. दुसरा लहान, नारिंगी चोचीचा, विणीच्या दिवसांत त्याचं पोट काळं होतं. हा दुसरा फार थोडा उरला आहे. दोघंही घरटं म्हणून काही बांधत नाहीत. नदी आटली की मध्ये वाळूचं बेट उघडं पडतं, तिथं वाळूत पोटाने एक खळगा करायचा आणि अंडी घालायची. अंडी वाळूच्याच रंगाची. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

मोजणाऱ्याने म्हणून बेटावर जायचंच नाही. काठावर बाभळीआड बसायचं, सकाळी ऊन चढायच्या आत दुर्बिणीतून बसलेले पक्षी मोजायचे, दोन वेळा मोजायचे, दोन्ही आकडे जुळले तर लिहायचे. नागपूरहून एक गृहस्थ हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन आले होते. पाच मिनिटं बेटावर जाऊ द्या, म्हणत होते. त्यांना थांबवलं सुखदेवने. सुखदेव मासे धरतो आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजाची वाडी लावतो. आमच्या तिघांतला खरा जाणकार तोच. त्याने त्या गृहस्थांना चप्पल काढून वाळूवर उभं राहायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात ते नाचायला लागले. सुखदेव शांतपणे म्हणाला, "तुमी उभे नाई राहू शकत साहेब, अन् थे अंडं तिथंच पडून हाय."

त्याच्याचकडून मला कळलं की हा पक्षी अंडी उबवत बसत नाही, त्यांच्यावर सावली धरतो. चैत्रात आमची वाळू भाकरी भाजेल अशी तापते. नर-मादी पाळीपाळीने बसतात. उठलेला पक्षी नदीवर जातो, पोट पाण्यात बुडवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. दिवसातून किती खेपा होतात त्या मी मोजल्या आहेत. दुपारी पक्ष्याला तिथून उठवलं आणि थोडा वेळ परतू दिलं नाही, की अंड्यातला जीव संपतो. कोणी चोरायला नको, तुडवायला नको. नुसतं जवळ उभं राहिलं तरी पुरे.

चार वर्षांपूर्वी फाल्गुनात बेटावर अकरा जोड्या बसल्या. त्यातल्या चार काळ्या पोटाच्या. मॅडमनी जाळ्यावर कळवलं तेव्हा खालच्या टोकापासून अभिनंदनं आली. मॅडमनी मला लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, काका, या चार जोड्या जपायच्या, बाकी काही नाही झालं तरी चालेल.

आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या काठाने वाळूचे ट्रॅक्टर उतरले. बेटाच्या वरच्या टोकाला त्यांची चाकोरी पडली. आम्ही अर्ज दिले. अर्ज योग्य त्या टेबलावर पोचला आहे असं कळत राहिलं. मग वर्गणी काढून हिंदीत पाटी लावली, पक्ष्यांची वीण चालू आहे, आत येऊ नये. तिसऱ्या दिवशी ती पाटी कोणाच्या तरी बकऱ्यांच्या कोठ्याला दार म्हणून बसलेली सुखदेवने पाहिली. ट्रॅक्टर रोज दहा-वीस पावलं पुढे सरकत होते.

मला वाटलं, अर्जाला कोणी भीत नाही, पाटीला भीत नाही; आमच्या भागात माणूस भितो कोणाला? जामसांवलीच्या मारुतीच्या पायाशी आम्ही राहतो. शनिवारी तिथं गेल्याशिवाय मीही जेवत नाही. रस्त्याच्या मधोमध शेंदूर लावलेला दगड असेल तर आमच्याकडे रस्ता वाकतो, दगड हलत नाही. मी दोघांना बेत सांगितला. मॅडम म्हणाल्या, "काका, देवाच्या नावाने खोटं नका करू. ते आपल्या हातात राहत नाही." मी म्हटलं, चार दिवस चालेल तेवढं बास. सुखदेव उठून वाडीकडे निघून गेला. तो असा उठून जातो तेव्हा त्याला पटलेलं नसतं, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीत आंघोळ केली, काठावरचा एक गोल दगड निवडला, तेल-शेंदूर लावला आणि बेटाच्या वरच्या टोकाला, ट्रॅक्टरच्या चाकोरीत, नेऊन मांडला. घरट्यांपासून लांबच होता. दहाच्या सुमारास पहिला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, खाली उतरला, चप्पल काढून हात जोडले आणि गाडी मागे घेतली. मागच्या दोघांनीही तेच केलं. मी बाभळीआड बसून पोट धरून हसलो. असं वाटलं की साऱ्या खात्यांना जे जमलं नाही ते मी पावशेर शेंदरात करून दाखवलं.

संपादकसाहेब, गंमत इथपर्यंतच आहे.

म्हण आहे, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी मारुतीच करायला गेलो आणि मारुतीच झाला, तिथंच फसलो. पहिल्या शनिवारी दगडापुढे एक नारळ दिसला. दुसऱ्या शनिवारी झेंडा लागला, उथळ पाण्यातून बेटावर जायला दगडांची पायवाट झाली. नदीत मारुती प्रकटला अशी बातमी सौंसरच्या बसस्टँडवर मीच चहा पिताना ऐकली. सांगणारा मला म्हणाला, गेजबाबू, तुमी त रोज तिथं असता, तुमाले पयले दिसाले पायजे होता. मी बशी तोंडाला लावली.

तो पहिला नारळ गिरजाबाईचा होता. रामाकोन्याची म्हातारी, सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. ती रोज येऊन दगडापुढची वाळू झाडायची. तिचा काही नवस होता. तो काय होता ते मी लिहिणार नाही. हे लिहू का म्हणून तिला विचारायला गेलो तेव्हा तिने तेवढंच नको म्हटलं.

तिसऱ्या शनिवारी लोकांनी रोडगे केले. मारुतीला रोडग्याचा नैवेद्य आमच्याकडे नवा नाही, गोवऱ्यांच्या आगीत कणकेचे गोळे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर पंगत करायची. दगडाजवळची वाळू ओली होती, म्हणून पंधरा-वीस माणसं बेटाच्या मध्यावर सरकली. चादरी बांधून सावली केली. सगळी भली माणसं, बायका, लेकुरवाळ्या, कोणाच्या मनात काही वाईट नाही. काळ्या पोटाच्या चार घरट्यांपासून ती वीस पावलांवर बसली. सगळे सुरय उठले आणि त्यांच्या डोक्यावर ओरडत फिरायला लागले. अकरा वाजून गेले होते.

मी काठावर होतो. शंभर पावलांवर. मला एवढंच करायचं होतं, उठून जायचं आणि सांगायचं, इथून हला. पण मग कोणीतरी विचारलं असतं, गेजबाबू, देवाजवळून उठवणारे तुम्ही कोण? आणि मला दगडाचं सांगावं लागलं असतं. मी उठलो नाही. मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहिली. पक्षी परतले नाहीत. पुन्हा वेळ लिहिली. पंचावन्न मिनिटं मी दर पाच मिनिटांनी वहीत नोंद केली, स्वच्छ अक्षरात. आयुष्यभर पाणी चढताना मोजलं होतं, अडवलं कधी नव्हतं, ते माझं काम नव्हतं. त्या दिवशी ते माझंच काम होतं आणि मी मोजत बसलो. याची मला लाज वाटते. आजही वाटते.

लोक गेल्यावर एक सुरय पोट भिजवून आला आणि अंड्यांवर बसला. मग दुसरा आला. चारही जोड्या परत बसल्या, त्यामुळे मी स्वतःला समजावलं की काही बिघडलं नसेल.

संध्याकाळी सुखदेव घरी आला. तो माझ्या घरी कधी येत नाही. ओसरीवरही बसला नाही. म्हणाला, पाच दिवसांनी हनुमान जयंती आहे, गावात रोडग्यासाठी पोतंभर कणीक जमली आहे, सगळं गाव बेटावर येणार. मी म्हटलं, दगड तूच पहाटे हलवून टाक ना. तो म्हणाला, "मी गरीब मानूस हाय गेजबाबू. मी देवाले हात लावला त मले मारतील. तुमाले नुसतं बोलतील."

तरी मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की काळ्या पोटाची एक जोडी घरटं सोडून निघून गेली आहे, आणि फोन ठेवला. मी तसाच रामाकोन्याला गेलो.

गिरजाबाई दारात तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सांगून टाकलं की मावशी, तो देव प्रकटला नाही, ट्रॅक्टर अडवायला मी ठेवला. ती निवडायची थांबली. मला वाटलं, सूप अंगावर येतं की काय. तिने विचारलं, "शेंदूर कोनं लावला?"

मी म्हटलं, मीच.

"आंघोळ केलती?"

"केली होती."

"मंग खोटा काऊन म्हनता?"

मी खाली बसलो आणि पाखरांचं सांगितलं, अंड्यांचं, तापलेल्या वाळूचं, पंचावन्न मिनिटांचं. ती ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग ती म्हणाली, "थे डोक्यावर फिरून ओरडून राहिले होते ना, पांढरे पाखरं? मले दिसले होते. मी बायांले दाखवलं. म्हनलं, पाहा व माय, पाखरं बी देवाच्या दर्शनाले येऊन राहिले."

मी गावकऱ्यांना सांगायला येतो म्हटलं. ती म्हणाली, "तुमी आता काई करू नका. तुमी एकडाव केलं तेवढं पुरं हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बेटावर गेली. पुढे सुखदेव, पाण्याचा अंदाज घेत. मागे गावातली दहा-बारा माणसं काठावर जमली होती. तिने दगडाला पाणी घातलं, हात जोडले, दोन्ही हातांनी तो उचलून पदरात घेतला आणि पायवाटेने परत निघाली. वजनाने वाकली होती, पण सुखदेवला हात लावू दिला नाही. काठावर पिंपळाखाली तिने दगड ठेवला आणि जमलेल्या माणसांना सगळं खरं सांगितलं. हा गेजबाबूनं मांडला, मी पुजला, पण ती जागा पाखरांची आहे, आता देव इथं सावलीत राहील. माणसं माझ्याकडे वळली. सुखदेव म्हणाला होता तसंच झालं, मला नुसतं बोलले. एकाने माझ्या पांढऱ्या केसांची लाज काढली, दुसऱ्याने निवृत्तीची. मी मान खाली घालून ऐकलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मग त्यांच्यातल्याच दोघांनी पाण्यातली दगडांची पायवाट मोडून टाकली.

जयंतीचे रोडगे पिंपळाखाली झाले. बेटावर कोणी गेलं नाही, ट्रॅक्टरही नाही. नदी सुरयची अंडी आधी घातलेली, ती त्या शनिवारपूर्वीच फुटली होती; पिल्लं तोवर वाळूवर धावायला लागली होती, सातपैकी पाच घरट्यांतून निघाली. काळ्या पोटाच्या चारपैकी आता एकच जोडी बसलेली होती. बाकीच्या जोड्या अंडी टाकून एकेक करून निघून गेल्या होत्या.

पंगत आटोपल्यावर गिरजाबाई माझ्याजवळ येऊन बसली आणि दुर्बीण मागितली. तिला ती डोळ्याला लावता येईना, मी धरून दिली. घरटं सापडलं तेव्हा तिने माझा हात तसाच धरून ठेवला. पक्षीण नदीवरून आली, थेंब गळणाऱ्या पोटाने अंड्यांवर टेकली, पंख जरा सैल सोडून बसली. गिरजाबाईने बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "पिल्लू कवा निघन?"

अंडी फुटायला वीस-बावीस दिवस लागतात. त्या दिवशी पंचविसावा होता. तारखा माझ्या वहीत होत्या. निघेल लवकरच, असं म्हणणं फार सोपं होतं आणि म्हातारीला तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, "मावशी, त्या अंड्यांतून आता काही निघणार नाही. त्या शनिवारीच ती मेली."

तिने दुर्बीण खाली केली नाही. तशीच पाहत म्हणाली, "मंग तिले कोनी सांगत काऊन नाई?"

ती पक्षीण त्यानंतर नऊ दिवस बसली. मी रोज सकाळी जाऊन नोंद केली आणि रोज गिरजाबाई माझ्या आधी काठावर आलेली असायची. दहाव्या दिवशी बेट रिकामं होतं. गिरजाबाई आलेली होती.